यादोरावांची काणी कोंबडी

आमच्या सिहोऱ्यात यादोराव रामटेके यांची ओळख दोन गोष्टींसाठी आहे. तुमसरच्या एका राइस मिलच्या धरमकाट्यावर बसून ते सव्वीस वर्षं धानाचे ट्रक तोलत आहेत आणि आजवर कोणी त्यांच्या पावतीवर बोट ठेवलेलं नाही. ही पहिली. दुसरी म्हणजे परवापरवापर्यंत त्यांच्या घरात सत्तेचाळीस कोंबड्या होत्या आणि त्यांतली एकही अंडं देत नव्हती.

कोंबड्या पत्र्याच्या आहेत. मुठीएवढ्या, पोटाला चावी असलेल्या. चावी फिरवून ठेवली की मान खाली-वर करत टकटक दाणे टिपल्यासारखं करतात. 'मोहिनी छाप' म्हणून कुठल्याशा कारखान्यात त्या पूर्वी निघत. कारखाना कधीच बंद पडला.

मी त्यांच्या समोर राहतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला वेळच वेळ आहे, त्यामुळे या प्रकरणात मी पहिल्यापासून आहे. "गुरुजी, तुम्ही लिहिता तर लिहा," यादोराव मला म्हणाले, "पण ह्याले लहानपणी खेळणं भेटलं नाई म्हणून हा म्हातारपणी कोंबड्या जमवते, असं लिहू नका. मले खेळणं होतं. मले ते आवडत नव्हतं."

तर झालं असं. चार-पाच वर्षांपूर्वी एक ट्रकवाला काट्याच्या खोलीत ही कोंबडी विसरून गेला. यादोरावांनी ती सहज काट्यावर ठेवली. काट्याने शून्य दाखवलं. दहा किलोच्या खालचं त्याला कळतच नाही, हे यादोरावांना ठाऊक होतं, तरी ते अस्वस्थ झाले. वस्तू समोर आहे आणि काटा म्हणतो नाही! निदान तिची काही माहिती तरी मिळावी म्हणून त्यांनी मोबाइलवर शोधलं. तिथे तसल्याच कोंबडीचा फोटो निघाला. त्या कोंबडीच्या शेपटीत पाच पिसं छापलेली होती. यादोरावांनी आपली मोजली. सहा.

त्या सहाव्या पिसाने माणूस कामातून गेला.

फोटोच्या खाली एका ग्रुपचा पत्ता होता: 'मोहिनी कोंबडी संग्राहक (अधिकृत)'. देशभरातली चारशे माणसं त्यात होती. कोणी बँकेत मॅनेजर, कोणी दातांचा डॉक्टर. सगळे दिवसभर कोंबड्यांबद्दल बोलत. तिथे यादोरावांना कळलं की या कोंबड्या सारख्या नाहीतच. पिवळ्या पायांच्या आहेत, नारिंगी पायांच्या आहेत. चावी उजवीकडे असलेल्या आहेत, डावीकडे असलेल्या आहेत. पाच पिसांची बाजारात ढीगभर मिळते, सहाची क्वचित. निळ्या तुऱ्याची तर सबंध देशात सात-आठ जणांकडे. ग्रुपचे मुख्य होते कानपूरचे भय्याजी. त्यांना कोणी पाहिलेलं नव्हतं. प्रोफाइलवर गुलाबाचं फूल होतं. पण कोंबडी खरी की खोटी यावर त्यांचा शब्द शेवटचा. पिसं मोजताना शेपटीच्या बुडाशी असलेली रेघ धरायची की सोडायची यावरून एकदा एवढं भांडण झालं की निम्मे लोक बाहेर पडले आणि त्यांनी 'मोहिनी कोंबडी संग्राहक (खरे अधिकृत)' काढला. यादोराव भय्याजींसोबत राहिले. रेघ म्हणजे पीस नव्हे, हे त्यांचं ठाम मत.

मग पार्सलं येऊ लागली. पहिल्या पार्सलवर पाठवणाऱ्याने नुसतं 'कोंबडी, १ नग' लिहिलं होतं. पोस्टमनने ते कानाशी धरून हलवलं, मग दबक्या आवाजात पार्वताबाईंना म्हणाला, "काकू, मेली वाटते."

पार्वताबाई म्हणजे यादोरावांच्या पत्नी. त्यांनी पार्सल घेतलं, उघडलं, चावी फिरवली, ओट्यावर टकटक करणारी कोंबडी पाहिली आणि नवऱ्याला एकच विचारलं, "का जी, ही काय खाते?"

"काही नाई."

"मंग राहू द्या."

त्या राहू द्या म्हणाल्या ते एका कोंबडीबद्दल. यादोरावांनी ते तत्त्व म्हणून घेतलं.

सर्वांत दुर्मिळ होती 'काणी'. छापखान्यात एक दिवस काळी शाई अडली आणि काही पत्र्यांवर डावा डोळाच उमटला नाही, असं ग्रुपमध्ये सांगत. अशा कोंबड्या चाळीसच निघाल्या म्हणे. यादोरावांना ती हवी होती. अडचण अशी की विकणारे सगळे कोंबडीचा फोटो उजव्या बाजूने काढत. का, ते देव जाणे. यादोराव प्रत्येकाला लिहीत, "डावी बाजू दाखवा." अकरा जणांनी त्यांना ब्लॉक केलं. एकाने डावी बाजू पाठवली आणि खरंच डोळा नव्हता. यादोरावांना रात्रभर झोप लागणार नाही असा आनंद झाला. पण जेवता जेवता त्यांना दिसलं की फोटोतली चावी नको त्या बाजूला आहे आणि मागच्या कॅलेंडरवरचे आकडे उलटे. त्याने उजवीच बाजू उलटवून, डोळा पुसून पाठवली होती. यादोराव हातातला घास तसाच धरून बसले. "गुरुजी," ते मला म्हणाले, "ट्रकमदी गोटे भरून आणणारे पाह्यले मी. पण कोंबडीचा डोळा पुसणारा माणूस नाई पाह्यला."

त्यांची मुलगी तृप्ती उपकेंद्रात नर्स आहे. लसीकरणासाठी तिला गावोगाव फिरावं लागतं. मागच्या ऑक्टोबरात ती बपेऱ्याला गेली होती, मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या गावात. संध्याकाळी घरी आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाबा, तुमची कोंबडी एका घरी पाह्यली. आंगणात चरून राहिली होती."

तिने फोटो काढला होता. फोटो डाव्या बाजूचा होता. डोळा नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी सातला यादोराव मला घेऊन मोटारसायकलवर निघाले. वाटेत धानाची पिवळी शेतं, तळ्यावर जाळी वाळत घातलेली. त्यांनी कशाकडेही पाहिलं नाही. बपेऱ्यात बेबीबाईंचं घर विचारलं. बेबीबाई साठीच्या, ठेंगण्या, मोठ्या आवाजाच्या. घरातले पुरुष तळ्यावर मासे धरायला जातात, आणि त्या घरी कोंबड्या पाळतात. खऱ्या.

अंगणात एक स्टीलची थाळी पालथी घातलेली. तिच्यावर ती पत्र्याची कोंबडी टक, टक, टक करत होती आणि तिच्याभोवती अकरा पिल्लं कणी टिपत होती. रंग उडालेली, चावीला सुतळी बांधलेली. डावीकडे डोळ्याच्या जागी नुसता कोरा पत्रा. यादोरावांनी चप्पल काढली.

"ह्या लेकरायची माय मुंगसानं नेली," बेबीबाईंनी सांगितलं. "एवढुशे होते. खातच नव्हते. मी हिले चावी देल्ली, तर आले. आता हिच्याबिगर दाना टिपत नाई."

यादोरावांनी आपली मागणी सांगितली. पाहिजे ते देतो म्हणाले. बेबीबाई हसल्या. "पैसे खाऊन पिल्लं मोठी होत नाई जी. हिच्या बदली दुसरी माय द्या, घेऊन जा हिले."

हे यादोरावांना सोपं वाटलं. त्यांच्याकडे सत्तेचाळीस माया होत्या.

पुढच्या रविवारी ते सहा कोंबड्या घेऊन गेले, प्रत्येक वेगळी, एकेक जुन्या गंजीफ्रॉकात गुंडाळलेली. पिवळ्या पायांची थाळीवर ठेवली. पिल्लं पळाली. नारिंगी पायांची ठेवली. दोन आली, पाहून परत गेली. डाव्या चावीवालीकडे तर एकानेही मान वळवली नाही. यादोराव हे सगळं वहीत लिहीत होते. तोलणाऱ्या माणसाला तोंडी हिशेब चालत नाही. घरी येऊन त्यांनी तो निकाल ग्रुपवर टाकला आणि तिथे खळबळ माजली. सहा पिसांची पिल्लांना आवडली नाही हे वाचून पाच पिसांवाल्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. भय्याजींनी लिहिलं, "चूज़ों की राय को अंतिम माना जाए या नहीं, इस पर वोटिंग होगी।" मतदान झालं. पिल्लांच्या बाजूने कौल लागला.

तिसऱ्या रविवारी यादोराव निळ्या तुऱ्याची घेऊन गेले. ही त्यांच्या कपाटातली मानाची कोंबडी. ती काचेबाहेर काढली तेव्हा पार्वताबाईंनीसुद्धा "सांभाळून न्या" म्हटलं. थाळीवर ठेवताच पिल्लं धावत आली. यादोरावांच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. पण ती कणी टिपायला आलीच नव्हती. त्यांनी सरळ तुऱ्यावर चोची मारायला सुरुवात केली. निळी खपली उडाली. खाली लाल तुरा निघाला.

कोणीतरी साधी कोंबडी निळी रंगवून विकली होती. भय्याजींनी फोटो पाहून ती खरी ठरवली होती, अन् पिल्लांनी अर्ध्या मिनिटात खोटी ठरवली. बेबीबाई समजुतीने म्हणाल्या, "लालच बरी दिसते जी."

त्या दिवशी परतताना यादोरावांनी बांधाशी गाडी थांबवली. मी म्हटलं, जाऊ द्या, एक काणी नाही मिळाली तर काय अडलं? ते म्हणाले, "गुरुजी, पिल्लं रंग नाई पाहून राहिली. आवाज ऐकून राहिली. माह्या सगळ्या कोंबड्यांची स्प्रिंग कडक हाये. घाईघाईनं चरते. तिची ढिली झाली. टक, मंग जराक थांबते, मंग टक." आणि पेट्रोलच्या टाकीवर त्यांनी नखाने तसं वाजवून दाखवलं.

लगेच गाडी वळवून तेच बेबीबाईंच्या अंगणात करून पाहिलं. थाळीजवळ उकिडवे बसून यादोरावांनी नखाने टक, थांबून टक केलं. अकराच्या अकरा पिल्लं आली आणि त्यांच्या बोटाभोवती कणी टिपू लागली. बेबीबाई पदर कमरेला खोचून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "झालं तर मंग. तुम्हीच माय. पिसं फुटेपर्यंत रोज सकाळी या, मंग कोंबडी तुमची."

यादोरावांनी करार मान्य केला.

तीन आठवडे हा माणूस पहाटे उठून बपेऱ्याला जायचा, सहा ते पावणेसात थाळी वाजवायचा आणि तिथून तुमसरला कामावर. बपेऱ्यात लोक पाहायला जमू लागले. नर्सबाईचे वडील कोणाचा तरी नवस फेडत आहेत अशी बातमी पसरली. एका म्हातारीने येऊन पायाला हात लावला, तेव्हा यादोराव दचकून उठले. "जय भीम, माय. नवस गिवस काही नाई. करार हाये."

मिलवर धानाची गर्दी सुरू झाली आणि एका सकाळी त्यांना जमेना. त्यांनी नखाचा आवाज मोबाइलमध्ये भरला, तृप्तीला त्याच गावात लसीकरण होतं, तिच्याजवळ आपला फोन दिला. तिने फोन थाळीवर ठेवून आवाज लावला. पिल्लं जमली. एक धिटुकलं फोनवरच चढलं. त्याचा पाय कुठे पडला कोण जाणे, ग्रुपमध्ये व्हिडिओ कॉल लागला. सकाळच्या सव्वासहाला चाळीस जणांनी तो उचलला आणि प्रत्येकाच्या स्क्रीनवर एका पिल्लाचा पोटाखालचा भाग दिसू लागला. भय्याजींनीही उचलला. गुलाबाच्या फुलामागचा माणूस तेव्हा पहिल्यांदा दिसला: डोक्याला टॉवेल, तोंडात ब्रश, गालभर फेस. "कौन बैच है ये?" ते फेसातून म्हणाले. पिल्लाने शिटून उत्तर दिलं. तृप्तीने फोन पुसून बंद केला आणि ती लसीच्या डब्याकडे गेली. बाबांचा फोन मात्र तिने पुन्हा कधी नेला नाही.

पंखांत पिसं फुटली. पिल्लं आपली आपण उकिरडा उकरू लागली. शेवटच्या दिवशी मीही गेलो होतो. बेबीबाईंनी पत्र्याची कोंबडी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली, चहा दिला. यादोरावांनी ती दोन्ही हातांत घेऊन तोलून पाहिली आणि मांडीवर ठेवली. बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "बेबीबाई, ही आली कुठून?"

"जावयानं आणली होती, बालाघाटच्या मेळ्यातून. लय वर्सं झाले. तवा झ्याक होती. दोन डोळे होते."

यादोरावांचा कप तोंडाजवळ थांबला. "दोन?"

"दोनच ना. मागच्या सालच्या पिल्लायनं टोचला एक. रोज टोचत. टोचत टोचत गेला."

मला त्याच वेळी निळ्या तुऱ्याची आठवण झाली. तिथे पिल्लांनी रंग खरवडलेला पाहूनही आम्हा दोघांच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

"तुम्ही सांगितलं काहून नाई?" यादोरावांनी कप खाली ठेवला.

"तुम्ही पुसलं काहून नाई? तुम्ही आल्या आल्या म्हणाले, हिले डोळा नाई म्हणून मले हीच पायजे. मी म्हणलं, आता एकेकाची आवड. बिस्कुट घ्या."

त्यांनी बिस्किट घेतलं. खाल्लंही. घरी येऊन त्यांनी भिंगाखाली पत्रा पाहिला: बारीक बारीक ओरखडे, शेकडो. पार्वताबाईंनी जेवायला हाक मारली तर गेले नाहीत. मी म्हटलं, "यादोराव, कोणाला काय कळतंय? काणीच आहे म्हणा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी सगळी शिक्षकी आठवली. "गुरुजी, सव्वीस वर्सं मी काट्यावर बसून राहिलो."

त्यांनी ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. मुंगूस, थाळी, करार, डोळा. निळा तुरा खोटा होता हेही लिहिलं. दोन तासांनी भय्याजींचा निकाल आला.

"कारखाने ने चालीस बनाई होंगी। चूज़ों ने एक बनाई है। यह काणी से भी दुर्लभ है।"

त्यांनी नवी जात घोषित केली: 'टोचकी'. जगात एक नग, मालक यादोराव रामटेके, सिहोरा. अभिनंदनांचा पाऊस पडला. यादोरावांनी तो वाचला आणि ते शांतपणे जेवायला बसले. ते खूश होते की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या, एवढं पार्वताबाईंनी सांगितलं.

पुढे जे झालं ते मला आवरतं घ्यावं लागेल. ग्रुपमधले लोक पिल्लं विकत घेऊ लागले. दातांच्या डॉक्टरने दवाखान्याच्या गच्चीवर वीस पाळली. जालंधरच्या एकाने तक्रार केली की त्याच्या पिल्लांनी उजवा डोळा टोचला, आता काय करायचं? भय्याजींनी उजवी मान्य केली, दोन्ही डोळे गेलेली मात्र संग्रहातून बाद. 'खरे अधिकृत'वाल्यांनी हा सगळा कोंबड्यांवर अत्याचार असल्याचं पत्रक काढलं. कोणत्या कोंबड्यांवर, ते त्यात स्पष्ट नव्हतं. यादोराव रोज संध्याकाळी लोकांना फोनवर समजावत, "थाळी स्टीलची घ्या. जराक थांबून वाजवा. घाई करू नका."

फेब्रुवारीत बेबीबाई बाजारासाठी सिहोऱ्याला आल्या तेव्हा काखेत एक तांबूस कोंबडी घेऊन आल्या. अकरांपैकी एक. "तुमच्या हातचं लेकरू हाये," म्हणाल्या, "घेऊन टाका." पार्वताबाईंनी तिच्यासाठी मागे खुराडं लावलं. कोंबडी एक रात्र तिथे राहिली. दुसऱ्या दिवशी ती बैठकीत आली, उघड्या शोकेसच्या खालच्या खणात पत्र्याच्या कोंबड्यांच्या मधोमध बसली आणि दुपारी तिथेच तिने अंडं दिलं.

यादोराव मिलवरून आले तेव्हा सात पत्र्याच्या कोंबड्या जमिनीवर आडव्या पडल्या होत्या. ते ओरडले. पार्वताबाई स्वयंपाकघरातून आल्या आणि म्हणाल्या, "हळू बोला. बसली हाये ती."

दोन दिवस वाद चालला. तिसऱ्या दिवशी शोकेस कोंबडीचं झालं. पत्र्याच्या कोंबड्या आता पेटीत असतात, एकेक कागदात, नंबर घालून. रविवारी यादोराव त्या चटईवर मांडतात, चावी देतात, तेल घालतात. तांबूस कोंबडी ओळीतून हिंडते, एकेकीपुढे थांबते. यादोराव हातात झाडणी घेऊन तिच्या मागे मागे असतात, ती डोळ्यांपर्यंत पोचू नये म्हणून.